नववा दिवस

एस्प्लनेडजवळच्या एमआरआय केंद्रात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. इथे बंगाली मुलखात मराठी कोणाला कळतंय, अशा मोकळ्या आवाजात त्यांचं चाललं होतं.

"पुन्हा का बोलावलं, नूपुर? गाठ दिसली का?"

"आहे की नाही, तेच कळलं नाही, आई. शिरेतून औषध देतात ना, त्याने छातीचा निरोगी भागही उजळला. त्यात लहान गाठ लपू शकते."

"मग आज तरी कळेल?"

"पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात हा उजळपणा कमी असतो. म्हणून तर पाळीची तारीख विचारतात."

"मागच्या वेळी सांगितलीस ना?"

"चुकीची सांगितली. गौरींसाठी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतलेल्या, तेही लपवलं. लाज वाटली."

"गोळ्या मीच आणल्या होत्या."

"नवरात्रातल्या अष्टमीसाठीही आणल्यात. त्या पर्समध्येच आहेत."

"म्हणजे?"

"अष्टमीलाच पाळी आली. आज नववा दिवस."

"अगं, नैवेद्य तर तूच दाखवलास!"

"देवीने ताट परत नाही पाठवलं."

"निदान मला सांगायचंस!"

"तुम्ही गोळी घ्यायला लावली असती. माझ्या आईचा आजार उशिरा कळला. माझ्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही."

तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली.

"पीरियड का आज कौन सा दिन है?"

नूपुरने तोंड उघडायच्या आत सासूबाईच सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नौवां! और लिखिए, इस बार गोली नहीं ली।"