जानकीचा फॉर्म आणि माझा हातगुण

आमच्या घरात दहावीनंतर फर्स्ट ग्रुपच घ्यायचा, म्हणजे गणितही आणि बायॉलॉजीही. का, ते विचारायचं नाही. इतक्या वर्षांत या नियमातून इंजिनिअर निघाली ती मी एकटीच.

म्हणूनच परवा वेलचेरीच्या काकांनी मला बोलावलं. त्यांच्या जानकीचा अकरावीचा फॉर्म भरायचा होता.

"तुझा हातगुण चांगला आहे," काका म्हणाले. "तू लिहिलंस की पोरीचं भलं होईल."

जानकी मान खाली घालून बसली होती. मी विचारलं, "तुला काय हवंय गं?"

"हिस्ट्री," ती पुटपुटली. "पण अक्का, मला कुणी विचारलंच नाही."

मी ठळक अक्षरांत हिस्ट्रीचा ग्रुप लिहून टाकला. काकांनी चष्मा चढवला.

"हे काय लिहिलंस? खोड ते आधी."

काकू म्हणाल्या, "मोठ्यांचं ऐकावं बाळ. फर्स्ट ग्रुप लिही."

"माझा हातगुण चांगला ना? मग त्या हाताने लिहिलेलं खोडायचं म्हणजे पोरीच्या भल्यावरच काट मारायची. मी नाही मारणार. तुम्ही मारा," म्हणत मी पेन पुढे केलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी देवघराकडे. पेनला कुणीच हात लावला नाही.