टेम्पोत न चढलेली मेंढरं

(करमाडच्या शिवारात, दुष्काळाच्या दुसऱ्या साली. भिकननं बायकोला न विचारता मेंढरं विकली आहेत. ती न्यायला सांडू व्यापाऱ्याचा टेम्पो आलाय, मेंढरं मेंढवाड्याच्या कोपऱ्यात घोळका करून उभी आहेत आणि सारजाबाई भडकलेली आहे. न भडकून सांगते कुणाला!)

भिकन : सांडू सिल्लोडवरून रिकामा टेम्पो घेऊन आलाय, सारजे. एक हाक मार, चढतेत सगळी.

सारजाबाई : मेंढरं इकताना माझी याद आली नाय. आता बरी आली.

भिकन : बाईमाणसाला काय इचारायचं त्यात? मेंढरं बापाची, बापामागं माझी.

सारजाबाई : मंग न्या की धरून. मी कुठं आडवी आले?

भिकन : धरायला गेलो का पळतेत. सांडू हसायला लागलाय.

सारजाबाई : हसंल नाय तर काय. मेंढरं मालकालाच वळखंनात. तुमी कंपनीच्या गेटवर वाचमन हून शिट्ट्या मारीत बसले. चारा नव्हता तव्हा पार देवगाव रंगारीपस्तोर कोण हिंडलं? पोटुशी व्हते तव्हा बी मीच.

भिकन : तेच हिंडणं सुटावं म्हणून केलं ना. शेंद्र्याला खोली बघितलीय. घरमालक मेंढरं ठेवू देत नाय.

सारजाबाई : माझं भलं कशात हाय ते मला सोडून समद्यांना कळतं. जीव नुसता विटून गेला माझा.

भिकन : शब्द दिलाय मी सांडूला.

सारजाबाई : तुमी दिला, तुमीच मोडा. सांगा जाऊन, बायकूला इचारायचं राहून गेलं.

भिकन : माणसांदेखत असं सांगू?

सारजाबाई : नका सांगू. रातभर टेम्पो राहू द्या हितंच. मी हाक मारणार नाय.

. . .

भिकन : सांगून आलो. गेला तो.

सारजाबाई : काय म्हणला?

भिकन : बायकूच्या धाकात हायेस, म्हणला. समदे हसले.

सारजाबाई : नवऱ्यानं सोडलेली मेंढरामागं फिरती, असं मला बी म्हणतेत लोक. मेले का मी? काठी द्या ती. देवगावच्या पाटलाच्या रानात मेंढरं बसवायची हायेत खतासाठी. दाणा मिळंल, पाणी बी हाय.

भिकन : मी येऊ? दोन दिस सुट्टी हाय.

सारजाबाई : या. पर पुढं चालू नका. मागं राहून बोलत चला, आवाजाची सवय व्हऊ द्या त्यांना.