दीक्षाची होडी

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. मी घाटावरचा मास्तर, इथे कोकणात आठवीच्या मुलांना वस्तू बनवायला शिकवतो. नियम माझाच: वस्तू चालवून दाखवायची, नाहीतर गुण नाहीत. दीक्षाने नारळाच्या पोयीची, म्हणजे फुलोऱ्याच्या वाळक्या आवरणाची, होडी आणली, फाटक्या छत्रीच्या कापडाचं शीड लावून. मी पाण्याची बादली पुढे सरकवली.

“सर, बादलीत वारो खंय आसा?”

खरंच की! अख्खा वर्ग खाडीवर नेला. तिने होडी पाण्यात सोडली, शीड फुगलं आणि होडी निघालीच.

“अगं धर तिला, गुण द्यायचेत मला!”

“सुकती लागली, सर. आता ती खंय थांबता!”

सुकती म्हणजे ओहोटी. दीक्षाला ती ठाऊक होती, मला नव्हती. होडीचा ठिपका होईपर्यंत आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. शाळेची घंटा ऐकू आली, तरी कुणी हललं नाही. मीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. “हिची वस्तू कुठे आहे?”

“होडी होती साहेब, खाडीत सोडली आणि...” मी सांगायला लागलो.

“कामाक गेली,” दीक्षा म्हणाली.

साहेबांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. मग शेरा लिहिला: “उपकरण वापरात आहे.”