चार हजार एकशे बारा पानं परत आणल्याबाबत

जबाब देणार: कारखान्यात सगळे 'दप्तरताई' म्हणतात ती, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी, संगणकावरची सामायिक कागदपत्रं सांभाळणे, राहणार कारखान्यामागील वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा व सासूबाईंसह राहते. मी कागदपत्रांत ढवळाढवळ केली, असा अर्ज आमच्या मॅनेजरांनी दिला आहे. ढवळाढवळ केलेली नाही. जे केलं ते सांगते.

गेल्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता क्रेनचा ब्रेक सुटून लोखंडी साचा खाली आला व एका वेल्डरचा पाय मोडला. क्रेनची देखभाल करणारे मिस्त्री, ज्यांना हातातल्या कायमच्या पान्यामुळे आम्ही पानामामा म्हणतो, त्यांनी ब्रेकबद्दल कधी कळवलंच नाही, असं मॅनेजरांनी लिहून दिलं. तेव्हापासून मामांना रोज इथे पोलीस ठाण्यात बोलावून बाहेरच्या बाकावर बसवतात. गुन्हा त्यांच्यावर दाखल होणार, असं ऐकलं.

मामा एका बोटाने टाइप करतात. एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. तरी प्रत्येक तपासणी ते संगणकावरच्या सामायिक पानावर लिहीत. दोन महिन्यांपूर्वी "जुना पसारा आवरा" म्हणून मॅनेजरांनी देखभाल विभागाची सगळी पानं माझ्याकडूनच संग्रहात टाकून घेतली. संग्रहातलं पान शोधून सापडत नाही, पण ते पुसलंही जात नाही. मॅनेजरांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

मंगळवारच्या बैठकीत मी म्हटलं, "साहेब, नोंदी आहेत, काढून दाखवते." ते म्हणाले, "ताई, तुम्ही आपलं काम बघा." म्हणून बुधवारी सकाळी नऊला बसून मी माझं काम बघितलं.

एकेक पान उघडत बसले असते तर वर्ष गेलं असतं. म्हणून यादी करून गठ्ठ्यांनी परत आणली. आधी वरचं पान, मग त्याखाली जोडलेली. उलट केलं तर खालची पोरकी होऊन कुठेही पडतात. दुपारी बारा चाळीसला शेवटचा गठ्ठा आला. एकूण ४,११२ पानं. एकही हरवलं नाही.

त्यात 'सर्वांना कळवा' ही खूण काढायची माझ्याकडून राहिली, आणि काम पूर्ण होताच प्रत्येक पानाची सूचना सगळ्यांना गेली. जेवणाच्या सुट्टीत दोनशे सदतीस जणांचे फोन एकदम वाजायला लागले, ते थांबेचनात. फोरमनने क्रेनचं पान उघडून जेवणाच्या बाकावर उभं राहून वाचलं. मामांची ओळ: "ब्रेक घसरतो. क्रेन बंद ठेवा." खाली मॅनेजरांचा शेरा: "पाहिलं. काम थांबवू नका." तारीख अपघाताच्या अकरा आठवडे आधीची. अहो, काय टाळ्या पडल्या! वेल्डिंगवाल्यांनी तर ताटं वाजवली. मॅनेजर तिथेच होते, हातातला फोन वाजत होता.

कोणी, कधी लिहिलं ते प्रत्येक पानावर आपोआप नोंदलं जातं. ते मलाही बदलता येत नाही. कोणीही येऊन तपासावं.

खूण राहिली ही चूक माझी, कबूल. तिचं वाईट वाटतं का, असं जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. अजिबात नाही. तसंच लिहून घ्यावं.

हा जबाब मला वाचून दाखवला. बाहेर बाकावर बसलेल्या मामांना नीट ऐकू जावा म्हणून मी तो पुन्हा एकदा, मोठ्याने वाचायला लावला. दोन्ही वेळा बरोबर आहे.