सातवा झेंडा कोणी हलवला

मी, वर्गात 'पट्टी' या नावाने ओळखली जाणारी, वय २१ वर्षे, धंदा शिक्षण, राहणार विद्यापीठ वसतिगृह, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतः होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

माझी रूममेट, जिला सगळे 'तोफ' म्हणतात, आणि मी, अशा दोघींनी नव्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाच्या आवारात खेळायचा झेंड्यांचा खेळ तयार केला. खेळाडू दोनशे चाळीस, गट बारा, झेंडे अकरा. प्रत्येक झेंड्यापाशी पुढच्या झेंड्याचे कोडे. दोघींनी म्हणजे नावापुरते. चार महिने आवार मी पायी मोजले, कोडी मी रचली. तोफेने ती माइकवर वाचली. पोस्टरवर फोटो तिचा, कुलगुरूंनी पाठ थोपटली ती तिची. माझ्या आईनेसुद्धा फोनवर विचारले, "ती एवढं सगळं करते, तू काही मदत करतेस की नाही तिला?" तेव्हापासून मला तिचे तोंड बघवत नव्हते.

झेंड्याची प्रत्येक जागा आधी स्वतः पाय ठेवून पाहायची, असा आमचा नियम होता. कार्यशाळेमागे जुन्या टाकीचा पुरुषभर उंच चौथरा आहे. त्याच्या कडेचे दगड हलतात म्हणून मीच नकाशात त्यावर फुली मारली होती. तोफ नकाशा कधी उघडून बघत नाही.

शनिवारी सकाळी सव्वानऊला मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचा सातवा झेंडा काढून त्या चौथऱ्यावर लावला. खेळ अडावा आणि चारचौघांत तिची फजिती व्हावी, एवढेच मनात होते. झेंडा सापडला नाही तर गटाने शिट्टी वाजवायची आणि तोफेने जाऊन शोधायचे, हेही मीच ठरवलेले. म्हणजे चढली तर तीच चढणार. हे तेव्हा मला कळत होते की नाही, ते सांगता येत नाही.

पावणेअकराला शिट्टी झाली. झेंडा शोधत तोफ कार्यशाळेमागे आली, तो वर दिसला तशी चौथऱ्यावर चढली, दगड निसटला, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. पडल्या पडल्या ओरडली, "आठवा झेंडा बघा रे, खेळ थांबवू नका." मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही माझ्या पोटात दुखले.

लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारले, "म्हणजे मत्सर, असं लिहू?" मी म्हटले, "लिहा."

काल रुग्णालयात तोफ मला म्हणाली, "पट्टे, झेंडा मीच हलवला असं मी पोलिसांना सांगितलंय. तू गप्प बस, परीक्षा तोंडावर आलीय." शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "काय मन आहे पोरीचं."

गप्प बसले तर माझे वर्ष वाचते. बोलले तर विद्यापीठातून काढतील, हे मला माहीत आहे. तरी सांगते की झेंडा मी हलवला, एकटीने. हे तरी तिच्या नावावर जाऊ देणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खाली सही फक्त माझी आहे.