बटणावर जाणारा हात

...आणि वर मलाच कंजूष म्हणतात हो! मला! अहो, तुम्हाला सांगतो, कंजूष वेगळा आणि काटकसरी वेगळा. कंजूष स्वतःच्या पोटाला चिमटा घेतो, मी फक्त टूथपेस्टच्या नळीला घेतो. चपटी झाली की मधून कापायची, आत अजून बराच माल दडून बसलेला असतो. नळाला गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी धावतं ते बादलीत धरायचं, त्यानं फरशी पुसायची... यात लाज कसली? आणि मी पडलो शिंपी. शर्टाची कॉलर विरली की लोक शर्ट टाकतात, मी कॉलर उसवतो, उलटी करून परत बसवतो, आतली कोरी बाजू वर. शर्ट नवा! पण घरात किंमत आहे का? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तर झालं काय, मुलानं एक मुलगी पसंत केली आणि ती आईवडिलांना घेऊन आमच्याकडे चहाला येणार. पहिलीच भेट. बायकोनं सकाळीच फर्मान काढलं, "आजच्या दिवस तुमची काटकसर गुंडाळून ठेवा. दिव्यांना हात लावाल तर याद राखा. पोराचं जमतंय, ते तुमच्यापायी मोडायला नको." आता पोराच्या सुखापुढं वीज काय मोठी? म्हटलं, बसतो हाताची घडी घालून. कंजूष असतो तर ऐकलं असतं का? म्हणून म्हणतो, कंजूष वेगळा आणि काटकसरी वेगळा.

संध्याकाळी मंडळी आली. घरातले झाडून सगळे दिवे लावलेले, खिडक्या सताड उघड्या, छान झुळूक येतेय आणि वर पंखा गरागरा... माझा जीव तीळतीळ तुटतोय, पण चेहरा हसरा. मुलीचे वडील बँकेतले साहेब, बोलणं अगदी मोजूनमापून. तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली, ट्रे न्यायला या. उठलो. आणि तुम्हाला सांगतो, मी काही केलं नाही, हातानं केलं! खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं ही त्याची सवय, आत पाहुणे बसलेत का हे तो थोडाच बघतो? टक्... मिट्ट काळोख. त्या काळोखात होणारे व्याही, होणाऱ्या विहीणबाई आणि माझा मुलगा. "बाबा..." एवढंच म्हणाला हो, पण पायाखालची जमीन सरकली. म्हटलं संपलं, एका बटणापायी पोराचं लग्न मोडलं.

आणि अंधारातून त्या मुलीचा आवाज आला, अगदी शांत. "काका, उठलाच आहात तर पंखाही बंद करा. वारा येतोय की."

दिवा लावून बघतो तर तिची आई कपाळाला हात लावून बसलेली. "अगं, निदान आजच्या दिवस तरी!" म्हणजे त्यांच्याही घरी सकाळी तेच फर्मान निघालं होतं! मग काय, चहा झाल्यावर पोरीनं सगळ्यांच्या पेल्यांतलं उरलेलं पाणी गोळा करून कुंडीत ओतलं. आणि निघताना माझ्या गळ्याकडं बघत हळूच म्हणाली, "कॉलर उलटवलीत ना? शिवण सुरेख आहे." ऊर भरून आला हो. जन्मभर शिवलं, पण असं बघणारं कुणी भेटलं नव्हतं.

लग्न झालं. आता मी बटणापाशी पोचतो तर दिवा आधीच बंद. नळी कापायला घ्यावी तर ती कापून, खरवडून मोकळी. दुकानातल्या ज्या चिंध्या मी, मी म्हणतोय, टाकून देत होतो, त्यांच्या तिनं उशा भरल्या. भेटेल त्याला सांगतो, सून असावी तर अशी! लोक हसतात, म्हणतात कंजुषाला कंजूष भेटली. आता त्यांना कोण समजावणार, कंजूष वेगळा आणि...

जाऊ द्या. काल पेपर वाचायला दिवा लावला. सूनबाई आली, दिवा बंद केला, मला खुर्चीसकट खिडकीकडं सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, जरा हात आखडता घेत चला."

मी मोठ्या आशेनं बायकोकडं पाहिलं. तर ती म्हणते कशी, "ऐका तिचं. तुमचा हात पहिल्यापासून सढळच!"