आठ खोकी

कीर्तनाचे बुवा अजून यायचेत, तोवर जवळ सरका. शहापूरच्या एसटी स्टँडवर ऐकलेलं सांगतो. सोमा आणि गीताबाई, नवरा-बायको, लेकीच्या होस्टेलातून सामान घेऊन निघाले होते. लेक संघरत्ना कॉलेजात गणित शिकायची. काविळीनं आठवड्यात गेली. गीताबाईच्या मांडीवर लेकीनं केलेली, एकमेकांना चिकटवलेली पुठ्ठ्याची आठ चौकोनी खोकी होती.

“अवो, हे अर्धंच ऱ्हायलं तिचं. मिटत नाय.”

“वाकवू नको गो. तिचे कॉलेजातले सर काय बोलले? सहा चौकोन दुमडले की खोकं होतं. तशीच ही आठ खोकी दुमडायची.”

“मग दुमडते ना.”

“नाय व्हायचं. लांबी, रुंदी, उंची, त्यापुढं चौथी दिशा लागते. ती आपल्याकडं नाय.”

“मग कोनाकडं हाय?”

“मला काय ठावं? मी भात लावणारा मानूस. पोरीनं काम पुरं केलंय, एवढंच सर बोलले.”

“एकोणीस वर्साची पोर, आन् पुरं केलंय?”

तेवढ्यात त्यांची मुरबाडची गाडी लागली. दारातून कंडक्टर ओरडला, “मावशी, ते चेपून पिशवीत घाला. गर्दी आहे.”

“चेपायचं नाय.”

“मग टपावर टाका.”

“टपावर पन नाय. जा तुमी, मास्तर.”

“अगो, मागची गाडी साडेपाचला हाय!” सोमा कळवळला.

“असू दे. तवर बघते मी. कुठून तरी मिटंल.”

ते बघा, बुवा आले. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या संघरत्नाची आठवण असू द्या.